पाऊण तासाचा सिनेमा

सिनेमा मीच निवडला होता. एवढं आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला जरा सोपं जाईल.

वडप्याला हायवेच्या कडेला निळ्या पत्र्याची गोडाऊनं आहेत, त्यातल्या एकात मी ट्रेनिंगचं काम बघायचे. त्या गोडाऊनखालची निम्मी जमीन माझ्या सासरच्या भावकीची. जागा घेताना कंपनीने भावकीतल्या प्रत्येक घरात एक नोकरी कबूल केली होती. माझ्या नवऱ्याला, देवेशला, स्वतःचा टेम्पो सोडून खुर्चीत बसायचं नव्हतं आणि घरात ग्रॅज्युएट मी एकटीच. बी.ए., सायकॉलॉजी, भिवंडीतल्याच कॉलेजातून. म्हणून खुर्चीत मी बसले. आमची मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती. कागदावर तिचं नाव मृणाली, पण घरात तिला सगळे बायच म्हणतात.

"पोर माझ्याकडं ठेव," सासूबाई म्हणाल्या होत्या. "माझी चार याच ओट्यावर मोठी झाली."

मला तो ओटाच दिसत होता. दीड हात उंच, खाली फरशी. त्या कोंबड्यांना दाणे टाकायला वळल्या आणि इकडे बाय कुशीवर झाली तर? मी तसं बोलले नाही. "आई, तुमचे गुडघे दुखतात," एवढंच म्हणाले आणि बायला गोडाऊनच्या पाळणाघरात घातलं. कारण एकच. तिथे कॅमेरा होता.

मला काळजी करायची सवयच आहे. बाय झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघते, नंतर पुन्हा उठून बघते. त्यामुळे दिवसभर डोळ्यांत वाळू असल्यासारखं वाटतं. ऑफिसात ॲडमिनच्या मागे लागून लागून मी कॅमेऱ्यांचं लॉगिन मिळवलं. त्यात सगळ्या गोडाऊनचे सोळा चौकोन दिसायचे. पाळणाघराचा चौकोन मोठा करून मी स्क्रीनच्या कोपऱ्यात ठेवायचे आणि उरलेल्या जागेत काम करायचे. आवाज यायचा नाही. नुसतं चित्र.

पाळणाघर जाईबाई सांभाळायच्या. पन्नाशीच्या, बाजूच्याच वस्तीतल्या. नऊ बाळं, लोखंडी पाइपाला टांगलेल्या नऊ झोळ्या. खाली लाईनवर ओढणी चालत नाही, मालाच्या सरकत्या पट्ट्यात अडकते. म्हणून कामावर जाताना बाया आपली ओढणी पाळणाघरात ठेवायच्या आणि जाईबाई ती ज्याच्या त्याच्या झोळीला बांधायच्या.

"वास आला का पोराला वाटतं आय जवळच हाय," त्या म्हणायच्या. "फसवायचं काम हाय, पर चालतं."

मी ऑफिसातली, माझ्या ओढणीला कोणी हरकत घेतली नसती. तरी मीही काढून द्यायचे. माझी पिवळी. स्क्रीनवर बायची झोळी लगेच सापडायची.

आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं, असा कायदा आहे. तो कागद पाळणाघराच्या दारावर मीच टाईप करून लावला होता.

सप्टेंबरच्या मध्यावर एका सुपरवायझरने एका हमालाची कॉलर धरली. तक्रार वरपर्यंत गेली. मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं.

"सुपरवायझर लोकांसाठी काहीतरी घ्या. वागणुकीवर. पाऊण तास. आणि स्लाईड नकोत, झोपतात सगळे."

मला तिसऱ्या वर्षाचा एक धडा आठवला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या तळघरात खोटा तुरुंग उभा केला होता. चांगल्या घरची, धडधाकट कॉलेजची मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकल्यासारखे निम्मे पहारेकरी केले, निम्मे कैदी. दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत गुंडाळावा लागला, कारण पहारेकऱ्यांनी कैद्यांचे हाल करायला सुरुवात केली होती. आमच्या सरांनी उत्तर लिहूनच दिलं होतं: माणूस वाईट नसतो, जागा त्याला तसा करते. दहा मार्कांचा प्रश्न, दरवर्षी यायचा.

त्या प्रयोगावरचा एक सिनेमा मला हिंदीत डब केलेला मिळाला. शोधताना हेही वाचलं की त्या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली. पहारेकऱ्यांना कडक वागा असं आधीच सुचवलं होतं म्हणे, मग सिद्ध काय झालं? हे सरांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. मी वहीत लिहून ठेवलं, शेवटी पाच मिनिटं यावर बोलायचं.

सिनेमा दोन तासांचा. त्यातले तुकडे काढून पाऊण तास करायचा विचार होता. सुरुवात थोडी, शेवट जास्त. पण आदल्या दिवशी बायला ताप आला, माझं कापायचं राहून गेलं. म्हटलं, पहिल्यापासून लावू आणि मधलं पळवू.

दुपारी तीनला कॅन्टीनमध्ये सात सुपरवायझर जमले. पुढच्याच खुर्चीत केसरीनाथ भाऊजी, माझे चुलत दीर. माल काढणाऱ्यांची लाईन त्यांच्याकडे होती. माणूस तसा मनाने मोकळा. खाडीत गेले आणि चिंबोऱ्या मिळाल्या की आधी आमच्या घरी आणून टाकणार.

"वहिनी, हिरोईन कधी येते?"

"हिरोईन नाही यात, भाऊजी."

"मंग ही गोरी पोरं मॅक्स्या घालून का फिरतात?"

कैद्यांना लांब सदरे घातले होते, खरंच मॅक्सीसारखे. सगळे हसले. मीही हसले. मी पळवायला हात पुढे केला तर मागून मॅनेजर साहेब म्हणाले, "राहू दे, राहू दे, चांगला आहे." ते चहा घेऊन तिथेच बसले. मग मी हात मागे घेतला. सगळे तल्लीन होऊन बघत होते. माझ्या कुठल्याच ट्रेनिंगला असं झालं नव्हतं, हेही खरं.

पावणेचारला शिफ्टची घंटा झाली तेव्हा सिनेमातला दुसरा दिवस चालला होता. कैद्यांनी दंगा केला होता, तो मोडून झाला होता. आता सगळे भिंतीला टेकून उभे होते आणि ओळीने आपापला नंबर ओरडून सांगत होते. काळा चष्मा घातलेला एक पहारेकरी हातात दांडा घेऊन समोरून चालत होता. कोणाचा आवाज बारीक आला की पुन्हा पहिल्यापासून.

तिथे मी बंद केलं.

"लाईन काय सरळ लागली बघ," केसरीनाथ भाऊजी उठताना म्हणाले. "दोन दिसांत."

"आपल्याला दोन वर्षं झाली," मागून कोणीतरी म्हणालं.

"पुढे बघा काय होतं ते," मी म्हणाले. "पुढच्या आठवड्यात उरलेला दाखवते." पण खुर्च्या सरकत होत्या, कपबशा वाजत होत्या. पुढच्या आठवड्यात दिवाळीचा ऑनलाइन सेल उघडला. मग कोणाला सिनेमा बघायला वेळ?

सुरुवात गमतीतच झाली. माल काढणाऱ्यांच्या जॅकेटवर पाठीला नंबर होतेच, मोठे पांढरे. पण भाऊजी नावानेच हाक मारायचे, नाहीतर टोपणनावाने. एकाला लखनौ, एकाला मामा. आता शिफ्ट सुरू होताना ते सगळ्यांना जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या पट्टीवर उभं करायला लागले. "चलो, गिनती!" ज्याने त्याने आपला नंबर ओरडायचा. पहिल्या दिवशी सगळे हसत होते. लखनौ तर मिलिटरीसारखा टाच आपटून ओरडला. तिसऱ्या दिवशी हसणं कमी झालं. दुसऱ्या आठवड्यात उशिरा येणारा भिंतीकडे तोंड करून उभा दिसायला लागला. हे सगळं माझ्या सोळा चौकोनांपैकी एका चौकोनात दिसत होतं. बारीक, आवाजाशिवाय.

मग पाळणाघरात जायची रीत बदलली. आधी बाया हात वर करून जायच्या, एवढंच. आता भाऊजींच्या टेबलापुढे उभं राहायचं, नंबर सांगायचा, कारण सांगायचं. "एकशे बारा. बाळ. दूध." आवाज नीट आला नाही तर पुन्हा. एका वेळी एकच जायची. पहिली परत आल्याशिवाय दुसरीला नाही. त्यांच्या लाईनवरच्या पाच बायांची बाळं पाळणाघरात होती. चारदाच्या ऐवजी दोनदा जाणं व्हायला लागलं, कधी एकदाच.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मी वरून जिना उतरून केव्हाही बायकडे जात होते, कोणाला न विचारता. तेव्हा टेबलापुढून जावं लागायचं. तिथे त्या बाया उभ्या असायच्या. एकदा वनिता होती. वनिता जाईबाईंच्याच वस्तीतली, तिचा विकी सात महिन्यांचा, बायच्या शेजारच्या झोळीत. झोळीला हिरवी ओढणी. ती मला बाहेर भेटली की ताई म्हणायची. त्या दिवशी टेबलापुढून जाताना तिने माझ्याकडे बघितलं आणि मी हातातल्या मोबाईलकडे. मला म्हणावंसं वाटलं, भाऊजी, जाऊ द्या तिला. पण घरातलं माणूस. चारचौघांत कसं बोलायचं? संध्याकाळी घरी बोलू म्हटलं. संध्याकाळी बायने दूध ओकलं, विषय राहिला.

त्यात मॅनेजर साहेब खूश. लाईनवरून माल निघायचा वेग वाढला होता. "ट्रेनिंगचा रिझल्ट दिसतोय," ते म्हणाले. "आधी आणि नंतर, असा एक रिपोर्ट करा. बाकीच्या गोडाऊनलाही पाठवू." माझ्या कामाला पहिल्यांदाच कोणी रिझल्ट म्हटलं होतं. मी बसून आकडे भरायला लागले. कोण किती वाजता टेबलापुढे आलं, किती वाजता गेलं, हेही कॅमेऱ्यावर बघून लिहायला लागले. रिपोर्टला लागेल म्हणून.

त्याच दिवसांत जाईबाई कॅमेऱ्याकडे तोंड करून हात हलवायला लागल्या होत्या. दिवसातून तीन-चारदा. डोक्यावरून इकडे तिकडे, जोरात. पाळणाघरामागे नाला आहे, डास फार. बायच्या गालावर एक लाल टिकली उठली तशी मी घाबरले आणि ॲडमिनला मेलवर मेल करून फवारणी करून घेतली. धुराचं मशीन आलं, चौकोन पांढरा झाला, पंधरा मिनिटांनी पुन्हा स्वच्छ. तरी जाईबाईंचे हात चालूच. मी म्हटलं, चांगलं औषध वापरलं नसेल.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी मंगळवार होता, सेलचा तिसरा आठवडा. अकरा वाजून दहा मिनिटांनी वनिता टेबलापुढे आली. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण मी ती रिपोर्टच्या तक्त्यात लिहिली. ती काही बोलली. भाऊजी काही बोलले. मग ती गप्प उभी राहिली. काय बोलणं झालं ते मला नंतर वनितानेच सांगितलं.

"नंबर सांग."

"दादा, मला नाव आहे. तुम्हाला ठाऊकय."

"ठाऊक हाय म्हनून तर बोलतोय. नंबर बोल, आन जा."

"वनिता. बाळ. दूध."

"मंग उभी रा."

ती उभी राहिली. मागून माल येत होता, पट्टा चालू होता. भाऊजींनी कागदात डोकं घातलं होतं. मला ओळखीचं होतं ते डोकं घालणं. आमच्या घरी आले आणि सासूबाई ओरडायला लागल्या की ते असंच पेपरात तोंड खुपसतात.

शेजारच्या मोठ्या चौकोनात हिरव्या ओढणीची झोळी हलत होती. जाईबाईंनी विकीला बाहेर काढलं, खांद्यावर घेतलं. त्याचं तोंड उघडलेलं होतं, नुसतं उघडलेलं, कारण आवाज नव्हता. त्यांनी बाटली लावली, त्याने डोकं फिरवलं. पुन्हा लावली, पुन्हा फिरवलं. अकरा पंधरा. अकरा वीस. वनिताच्या जॅकेटच्या आत कुर्ता दोन ठिकाणी गडद झाला होता. एवढ्या बारीक चित्रात ते दिसणार नाही असं वाटेल, पण मला दिसलं. मला ते कसं असतं ते माहीत आहे. बाळ रडायची वेळ झाली की, बाळ कुठेही असो, दूध येतंच.

आणि तेव्हा माझ्या मनात काय आलं तेही लिहिते. मनात आलं, याच्या रडण्याने बाय उठायला नको.

अकरा सत्तावीसला जाईबाईंनी विकीला खाली चटईवर ठेवलं आणि कॅमेऱ्याकडे बघून हात हलवले. दोन्ही हात. मी तशीच बसून होते. मग त्या वळल्या, बायच्या झोळीपाशी गेल्या, माझी पिवळी ओढणी सोडली आणि कॅमेऱ्यासमोर येऊन ती ओढणी जोरजोरात हलवायला लागल्या.

जिना मी कशी उतरले आठवत नाही. चप्पल एक वरच राहिली. बाय, बायचा श्वास, दूध घशात गेलं, पडली, काय झालं. पाळणाघराचं दार ढकललं तर बाय झोळीत शांत झोपलेली. गाल गरम, मूठ तोंडापाशी. आणि विकीचा आवाज. एवढा आवाज असतो हे मी विसरलेच होते.

"तुज्या पोरीला काय झालं न्हाय," जाईबाई म्हणाल्या. त्यांनाही धाप लागली होती. "असं केल्याबिगर तू खाली आली असतीस का?"

मी तरी बायच्या नाकाखाली बोट धरून बघितलं.

"पंधरा दिस हात करतेय तुला. मोबाईल गेटावर काढून घेतात, ही पोरं टाकून मी हालू शकत न्हाय. म्हटलं, ही बाई दिसभर कॅमेऱ्यात डोळं घालून असते, हिला तरी दिसंल."

"मला वाटलं, डास."

"डास!" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हंजे तो धुरवाला तूच धाडलास? दोन दिस खोकत व्हती समदी पोरं."

मला बसावंसं वाटत होतं. त्या चटईवर पडून झोपावंसं वाटत होतं. चार महिने झोपले नव्हते असं एकदम जाणवलं. पण विकी निळा-लाल झाला होता. मी त्याला उचललं, हिरवी ओढणी त्याच्याभोवती गुंडाळली.

"त्याला कुठं नेतेस?"

"त्याच्या आईकडे."

लाईनवर लहान मूल न्यायचं नाही. पिवळ्या पट्टीच्या आत मूल दिसलं तर लाल बटण दाबून सगळा पट्टा थांबवायचा. त्या नियमाची स्लाईड मीच बनवलेली, नवीन आलेल्या प्रत्येकाला मीच शिकवलेली. तेव्हा मी पट्टीच्या आत पाय टाकला आणि तिघांनी एकदम ओरडून बटण दाबलं, यात त्यांचं काही चुकलं नाही. पट्टा थांबला. माल उचलायच्या गाड्या थांबल्या. एवढ्या मोठ्या शेडमध्ये विकी एकटा रडत होता.

"वहिनी!" भाऊजी खुर्ची पाडून उठले. "पोर घेऊन आत? येडी झालीस काय?"

मी सरळ पुढे गेले. वनिताच्या हातात विकीला दिलं. ती तिथेच एका लाकडी फळ्यांच्या थप्पीवर बसली, ओढणी अंगावरून घेतली. सगळ्या पुरुषांनी पाठ फिरवली. कोणी सांगितलं नव्हतं. लखनौनेही, मामानेही. भाऊजींनीही. मी आणि भाऊजी असे रॅककडे तोंड करून उभे होतो, तसेच बोललो.

"पिच्चर तुमीच दाखवलात, वहिनी."

"अर्धाच दाखवला, भाऊजी."

"मंग अर्ध्यात वाईट काय व्हतं?"

त्या अर्ध्यात सगळं जागच्या जागी लागत चाललं होतं.

"आमाला वाटलं हेच शिकायचं हाय. साहेब पन बोलले, चांगला हाय. आन तुमी तर वर बसून बगत व्हता. साहेब बोलले, वहिनी रिपोर्ट करते. तुमी येक डाव खाली येऊन बोलला असता, भाऊजी, हे काय चाललंय, तर मी..." ते थांबले. "मला कोन बोललंच न्हाय."

मागे विकीचं रडणं थांबलं होतं. कोणीतरी शिंकलं.

अकरा मिनिटं पट्टा बंद होता. सेलमध्ये. संध्याकाळी मॅनेजर साहेबांनी बोलावलं. ओरडले नाहीत. त्यांच्या टेबलावर डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट उघडं पडलं होतं.

"सेफ्टीची स्लाईड कोणी केली?"

"मी, सर."

"मग?"

मी सगळं सांगितलं. टेबल, नंबर, चारदाचा कायदा, दारावरचा कागद. ते ऐकत होते, मधेच डोळे चोळत होते. पाळणाघराचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बाहेर गेलं तर?" असं स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "मलाही वर उत्तर द्यायचंय, करिष्मा."

दुसऱ्या दिवसापासून टेबलापुढे उभं राहणं बंद झालं. गिनती बंद झाली. टेबलावर एक रजिस्टर आलं, त्यात वेळ लिहायची आणि जायचं. चार वेळा. वनिताला कोणी काही बोललं नाही. मला ट्रेनिंगमधून काढून पॅकिंगला खाली पाठवलं, चौकशी होईपर्यंत. चौकशी अजून झालेली नाही. जॅकेट मिळालं. लॉगिन त्याच संध्याकाळी बंद केलं होतं.

"नोकरी सोडून दे," देवेश म्हणाला.

"मग बाय आईंकडे ठेवायची?"

तो ओट्याकडे बघत राहिला. त्यालाही आता तो ओटा दिसायला लागला होता, माझ्यामुळे.

रविवारी दुपारी भाऊजी चिंबोऱ्या घेऊन आले. तीन आठवड्यांनी पहिल्यांदाच. पिशवी सासूबाईंकडे दिली आणि लगेच निघाले नाहीत. ओट्यावर बसले, बायच्या पायाचा अंगठा धरून हलवत राहिले.

"वहिनी, त्या पिच्चरचं पुढं काय झालं?"

मी कांदा चिरत होते. सांगितलं. कैदी पोरं रडायला लागली, एक तर वेडापिसा झाला. प्रयोग करणारे प्राध्यापक स्वतःच जेलर होऊन बसले होते, त्यांनाही काही वाटेना. सहाव्या दिवशी बाहेरून एक बाई आली. तिने बघितलं आणि त्यांना म्हणाली, तुम्ही या पोरांचं हे काय चालवलंय. मग बंद केलं.

"येक बाई?"

"हो."

"मंग तिची नोकरी गेली का?"

"माहीत नाही. सिनेमात दाखवलं नाही."

ते थोडं हसले. मग मी तेही सांगितलं, वहीत लिहून ठेवलेलं, पाच मिनिटांचं. की त्या पहारेकऱ्यांना कसं वागायचं ते आधीच कोणीतरी सुचवलं होतं.

"म्हंजे त्यांचा दोष न्हाय," भाऊजी पटकन म्हणाले. चेहरा एकदम सैल झाला त्यांचा.

"तसं नाही, भाऊजी."

"मंग कसं?"

त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी सुरी खाली ठेवली. बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात बाय ओट्याच्या कडेला सरकली आणि आम्ही दोघंही एकदम तिच्याकडे झेपावलो. पकडली त्यांनीच. मग ते राहिलंच.

आता मी पॅकिंग टेबलावर खोकी चिकटवते. दिवसात चारदा पाळणाघर, बाकी वेळ काही दिसत नाही. पहिले आठ दिवस फार वाईट गेले. हात चिकटपट्टी ओढत असायचे आणि डोळे कोपऱ्यात तो चौकोन शोधायचे. मोबाईल गेटवर. बाय उठली असेल, पडली असेल, घशात काही गेलं असेल. मग हळूहळू कळलं की वनिता, बाकीच्या चौघी, त्यांना तर हे कधी दिसतच नव्हतं. त्या कशा राहत होत्या हे मी विचारलं नाही. विचारायला लाज वाटली.

अकराला मी आणि वनिता बरोबर जातो. रजिस्टरात पहिल्या रकान्यावर 'नंबर' असं छापलंय. वनिता तिथे नाव लिहिते. पूर्ण, आडनावासकट, रकान्याबाहेर जातं. मीही लिहिते. भाऊजी नुसतं बघतात. मला मात्र अजून वहिनीच म्हणतात. "वहिनी, तुमी कशाला लिवता, जा की." मी लिहिते.

परवा आम्ही दोघी चटईवर बसलो होतो, भिंतीला पाठ टेकून. बाय पीत होती, विकी पिऊन झोपला होता. जाईबाईंनी कॅमेऱ्याकडे मान वर केली.

"आता कोन बसतंय त्या खुर्चीवर?"

"माहीत नाही, मावशी. नवीन कोणीतरी."

"पोरंबाळं हायेत का तिला?"

"माहीत नाही."

त्यांनी उठून हात हलवला. डोक्यावरून, इकडे तिकडे, जोरात. मग कमरेवर हात ठेवून थांबल्या. वनिता पण बघत होती, मी पण. जिन्यावर कोणाची पावलं येतात का ते आम्ही तिघींनी कान देऊन ऐकलं. कोणी आलं नाही.

"चल," वनिता म्हणाली, "वेळ झाली."

मी बायला झोळीत घातलं आणि पिवळी ओढणी बांधली. तिच्या कपाळावर डास बसला होता. खराच. तो हाकलला आणि निघाले.